पडदा पॅरिसचा, गोष्ट कुणाची?

आज मी तुमच्याशी काही जुन्या अमेरिकन चित्रपटांविषयी बोलणार आहे. हे चित्रपट साधारण १९३० ते १९६० या काळातले, गाण्यांचे आणि नाचांचे. इंग्रजीत यांना ‘म्युझिकल’ म्हणतात. त्यातल्या काहींची गंमत अशी, की ते अमेरिकेत तयार झाले, पण त्यांची गोष्ट घडते फ्रान्समध्ये, बहुतेक वेळा पॅरिसमध्ये. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी राहून पॅरिसच्या गप्पा कशाला, असं कुणी विचारेल. पण १९९०च्या दशकात केबल आपल्याकडे आली, तेव्हा मुलांच्या कार्टून नेटवर्कची वेळ संपली की रात्री त्याच वाहिनीवर टीएनटी सुरू व्हायचं आणि एमजीएम कंपनीचे जुने चित्रपट लागायचे. दिवे गेले नाहीत, तर ते पाहायला मिळत. संवाद कळोत न कळोत, गाणं आणि नाच कळायचा. त्यामुळे हा विषय वाटतो तेवढा परका नाही. आणि पुढे आपण पाहू, की या विषयाचं एक टोक थेट आपल्या संगीत नाटकापर्यंत येऊन पोचतं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. या चित्रपटांत दिसणारं पॅरिस बरेचदा पॅरिस नसतं. ते कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या आसपासच्या स्टुडिओंमध्ये लाकूड, प्लास्टर आणि रंग वापरून उभं केलेलं असतं. अर्न्स्ट लुबिश हे जर्मनीहून हॉलिवूडला गेलेले मोठे दिग्दर्शक. खऱ्या पॅरिसपेक्षा आपल्याला पॅरामाउंट स्टुडिओचं पॅरिस जास्त आवडतं, अशा अर्थाचं त्यांचं एक बोलणं प्रसिद्ध आहे. त्यात थट्टा आहे, तसं तथ्यही आहे.

हे खोटं पॅरिस बांधायची गरज का पडली? याचं कारण मजेदार आहे. १९२७ नंतर बोलपट आले, चित्रपटाला आवाज मिळाला. आवाज आला तशी गाणी आली आणि गाण्यांबरोबर एक अडचण आली. चांगला बोलत असलेला माणूस मध्येच गायला का लागतो? आपल्याला हा प्रश्न फारसा पडला नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा प्रेक्षकांना कीर्तनाची, भारुडाची, लळिताची सवय होती. बोलता बोलता गाण्यात शिरणं आणि गाण्यातून पुन्हा बोलण्यात येणं आपल्या अंगवळणी पडलेलं होतं. अमेरिकन प्रेक्षकाला मात्र आपल्या शेजारचा किराणा दुकानदार रस्त्यात गाताना पटेना. पण तोच दुकानदार पॅरिसमध्ये असला तर? तिथे काय, लोक गात असतील! असं एक दूरचं, मोकळं, प्रेमात पडायला परवानगी असलेलं गाव त्यांना हवं होतं. आपल्या नाटकांत कण्वाचा आश्रम होता, द्वारका होती. त्यांनी पॅरिस निवडलं.

याचं एक सुंदर उदाहरण म्हणजे १९३२ सालचा ‘लव्ह मी टुनाइट’. दिग्दर्शक रूबेन मामुलियन. नायक मॉरिस शेव्हालिए हा मात्र अस्सल पॅरिसचा गायक-नट. चित्रपट सुरू होतो पहाटेच्या शहराने. रस्ता खणणाऱ्याची कुदळ पडते, कुणी घोरतं, कुणी झाडतं, चांभार हातोडी मारतात, बाई सतरंजी झटकते, आणि या सगळ्या आवाजांचा हळूहळू एक ठेका तयार होतो. जात्याच्या घरघरीवर ओवी यावी, तसं कामाच्या आवाजातून गाणं येतं. पुढे नायक, जो शिंपी आहे, एक गाणं म्हणतो. ते त्याच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी जातं, त्याच्याकडून टॅक्सीवाल्याकडे, टॅक्सीत बसलेल्या संगीतकाराकडे, मग आगगाडीतल्या सैनिकांकडे, पुढे एका भटक्या वादकाकडे, आणि शेवटी दूरच्या महालातल्या राजकन्येच्या कानी. शिंपी आणि राजकन्या एकमेकांना भेटायच्या आधी त्यांचं गाणं भेटतं. नव्वद वर्षांपूर्वीचं हे काम आजही टवटवीत वाटतं.

या प्रकारातला सगळ्यात गाजलेला चित्रपट म्हणजे १९५१ सालचा ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’. दुसऱ्या महायुद्धात लढलेला एक अमेरिकन शिपाई युद्ध संपल्यावर घरी न जाता चित्रकार होण्यासाठी पॅरिसमध्येच राहतो, ही गोष्ट. नायक आणि नृत्यदिग्दर्शक जीन केली. नायिका लेस्ली कॅरन, ही खरोखरच फ्रान्समधली बॅले नर्तकी, केलीने तिथे हेरून आणलेली. संगीत जॉर्ज गर्श्विनचं. त्याच नावाची त्याची वाद्यरचना १९२८ सालची, आणि गर्श्विन १९३७ सालीच वारलेला. दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली. केलीला खऱ्या पॅरिसमध्ये जाऊन काम करायचं होतं. कंपनीने ते मानलं नाही. सुरुवातीची काही दृश्यं सोडली, तर सगळं पॅरिस कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओत उभं राहिलं.

आणि तिथेच या मंडळींनी कमाल केली. चित्रपटाच्या शेवटी सुमारे सतरा मिनिटांचा एक नाच आहे. त्यात एकही संवाद नाही. या एका नाचावर जवळपास पाच लाख डॉलर खर्च झाले. पॅरिस खरं दाखवता येत नाही ना, मग ते चित्रकारांच्या डोळ्यांनी दाखवू, असं त्यांनी ठरवलं. एक चौक द्युफीच्या चित्रासारखा, फुलांचा बाजार रेन्वारच्या रंगांत, एक गल्ली युत्रिलोची, जत्रा रूसोची, ऑपेराची इमारत व्हॅन गॉगच्या पिवळ्या-निळ्यात, आणि शेवटी तुलूज-लोत्रेकच्या चित्रातला नर्तक जिवंत होऊन नाचू लागतो. पडदा आहे, हे लपवण्याचा प्रयत्नच नाही. उलट पडदा हाच आनंदाचा विषय. या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसह एकूण सहा ऑस्कर मिळाले.

रंगवलेल्या पडद्याचं हे वेड आपल्याला नवं नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, मग ते चित्रपटाकडे वळले आणि १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यांच्याच कंपनीत व्ही. शांताराम घडले. आपल्याकडे कळंबची काय किंवा वणीची काय, यात्रा म्हटली की फोटोवाल्याचा पडदा असायचाच. मागे ताजमहाल, पुढे नवराबायको. तो ताजमहाल खरा नाही हे फोटो काढून घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी तो फोटो घरात वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो. कारण ताजमहाल खोटा असला, तरी त्याच्यापुढे उभं राहताना वाटलेली हौस खरी असते.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण पडदा म्हटला, की त्याच्यामागे काय झाकलं गेलं हेही पाहायला हवं. १९५१च्या त्या चित्रपटातलं पॅरिस कसं दिसतं? फुलं, छोटी हॉटेलं, हसतमुख म्हाताऱ्या, गाणी. खरं पॅरिस जून १९४० ते ऑगस्ट १९४४ अशी चार वर्षं जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं. १९४२च्या जुलैमध्ये त्या शहरात आणि परिसरात फ्रेंच पोलिसांनी सुमारे १३ हजार ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना पकडलं आणि त्यांतल्या बहुतेकांना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवण्यात आलं. युद्ध संपलं तरी अन्नधान्याचं रेशनिंग १९४९ पर्यंत चाललं. चित्रपटात या सगळ्याचा उल्लेख जेमतेम दोन वाक्यांत येतो. नायिकेचे आईवडील भूमिगत चळवळीत होते, त्या काळात एका गायकाने तिला सांभाळलं, एवढंच. मग लगेच पुढचं गाणं.

ही उणीव पुढच्या लोकांना जाणवली. २०१४ साली याच चित्रपटावरून एक संगीत नाटक पॅरिसच्याच शातले नाट्यगृहात सादर झालं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला गेलं. त्यात नायिका ज्यू मुलगी आहे, युद्धकाळात एका कुटुंबाने लपवून ठेवलेली. सुटका झालेलं शहर, भाकरीसाठी लागलेली रांग, लोकांच्या मनातली भीती आणि संशय हे सगळं त्यात येतं. तेच गर्श्विनचं संगीत, तोच नाच. पण आता नाचणाऱ्यांना का नाचावंसं वाटतं, ते कळतं.

आता दुसरा चित्रपट घेऊ, १९५८ सालचा ‘जीजी’. दिग्दर्शक तेच मिनेली, नायिका तीच लेस्ली कॅरन, आणि सोबत म्हातारे झालेले शेव्हालिए. याला ऑस्करची नऊ नामांकनं होती आणि नऊच्या नऊ मिळाली. या चित्रपटाचं बरंच चित्रीकरण खऱ्या पॅरिसमध्ये झालं. माक्सिम हे प्रसिद्ध हॉटेल, बुआ द बुलोन्ये हे उद्यान, सगळं खरं. मूळ कथा फ्रेंच लेखिका कोलेत यांची. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये त्यांनी ती लिहिली आणि १९४४ साली तिचं पुस्तक निघालं.

गोष्ट १९००च्या सुमाराची. जीजी ही कोवळी मुलगी. तिची आजी आणि मावशी-आजी तिला शिकवताहेत. काय? तर जेवणाच्या टेबलावर कसं बसावं, रत्नं कशी ओळखावीत, पुरुषासाठी सिगार कसा निवडावा. वरवर पाहता हे वळण लावणं. प्रत्यक्षात तिला एखाद्या श्रीमंत पुरुषाची रखेल म्हणून तयार करणं चाललेलं आहे. साखरेच्या व्यापारातला गर्भश्रीमंत गास्तों तिच्यावर भाळतो, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाया वकिलासारख्या अटी ठरवायला बसतात. घर कुठलं, गाडी कुठली, खर्चाला किती. कोलेत हे सगळं थंडपणे, कसलीही टीका न करता मांडतात, म्हणून ते बोचतं. चित्रपटात मात्र त्यावर गोड गाणी आहेत, सुंदर कपडे आहेत. सुरुवातीलाच एक वयस्क गृहस्थ बागेत खेळणाऱ्या लहान मुलींकडे पाहून कौतुकाने गातो. त्या काळी ते मिश्कील वाटलं असेल. आज बघताना अंगावर काटा येतो.

मित्रहो, मुलीचा सौदा हा विषय संगीतात कसा मांडावा, याचं उत्तर आपल्याकडे त्याच्या जवळजवळ साठ वर्षं आधी दिलं गेलं होतं. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’, १८९९ सालचं, किर्लोस्कर नाटक मंडळीने केलेलं. लोभी बाप कांचनभट, म्हातारा नवरदेव भुजंगनाथ, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित, आणि पोरवयाची शारदा. इथेही अटी ठरतात, पैसे ठरतात. इथेही गाणी आहेत, आणि तीही गोड आहेत. पण देवलांची गाणी सौदा झाकत नाहीत. शारदा गाते तेव्हा तिची भीती आपल्यापर्यंत येते. हसू येतं ते म्हाताऱ्याच्या नटव्या थाटाचं, मुलीच्या अजाणतेपणाचं नाही. एकच वाद्य दोघांच्या हाती आहे. एकाने त्याने जखम झाकली, दुसऱ्याने उघडी केली.

अर्थात देवलांच्या बाजूनेही सगळं धरता येणार नाही. शारदेचं लग्न मोडतं ते वधूवर सगोत्र निघाल्यामुळे, तिची इच्छा नाही म्हणून नव्हे. जीजीचं भलं होतं ते गास्तोंला शरम वाटून तो लग्नाची मागणी घालतो म्हणून. शेवटचा शब्द दोन्हीकडे मुलीचा नाही. तरी ‘शारदा’ने महाराष्ट्राच्या मनावर केवढा ठसा उमटवला पाहा. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. तो मांडला होता हरबिलास सारडा यांनी. पण मराठी माणसाच्या तोंडी तो ‘शारदा कायदा’ झाला, आणि त्या नावाने पुष्कळांना देवलांची शारदाच आठवत राहिली.

आपल्या भागात हा विषय जुना झालेला नाही. सौद्याची दिशा उलटली, एवढंच. तेव्हा बाप मुलीचे पैसे घेत होता, आज मुलीच्या लग्नासाठी बापाला पैसे उभे करावे लागतात. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. तरी कापूस विकून हाती येणाऱ्या पैशाचा हिशेब करताना यवतमाळ जिल्ह्यातल्या बापाच्या डोळ्यांपुढे पहिलं काय येतं, हे मी वेगळं सांगायला नको. त्या लग्नातही बँड वाजतो, गाणी लागतात. कोण कशावर नाचतंय, हे तेव्हाही पाहावं.

देवलांचंच नाव निघालं आहे, तर आणखी एक गोष्ट सांगतो. फ्रान्सची आणि मराठी संगीत नाटकाची खरी गाठ पडली ती त्यांच्याच हातून. ‘संशयकल्लोळ’ तुम्हाला माहीत आहेच. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती आणि तो तसबिरीचा घोटाळा. या नाटकाचं मूळ पॅरिसमध्ये आहे. मोलिएरने १६६० साली तिथे ‘स्गानारेल’ नावाचं एक छोटं प्रहसन केलं. त्यातही एक तसबीर आहे, ती चुकीच्या हातात पडते आणि नवराबायको एकमेकांवर संशय घेत सुटतात. त्यावरून आर्थर मर्फी यांनी १७६१ साली लंडनमध्ये ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक लिहिलं. ते देवलांनी उचललं, आधी गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ केलं आणि मग त्यात पदं घालून ‘संशयकल्लोळ’ केलं. देवल गेले त्याच वर्षी, १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीने ते संगीतात उभं केलं. अडीचशे वर्षांचा प्रवास करून तसबीर पॅरिसहून आपल्याकडे आली. आणि अशी मुरली, की फाल्गुनराव हा परदेशी माणूस आहे असं सांगितलं, तर कुणाला पटणार नाही.

आता हा फरक पाहा. हॉलिवूडने पॅरिसचा पडदा घेतला आणि त्याच्यापुढे आपली, अमेरिकन मनाची गोष्ट मांडली. देवलांनी पॅरिसची गोष्ट घेतली आणि मागे आपला पडदा लावला. परक्याकडून घेण्याच्या या दोन तऱ्हा आहेत. पडदा घेणं सोपं, तो लगेच लोकांचे डोळे दिपवतो. गोष्ट घ्यायला वेळ लागतो. ती आपल्या माणसांच्या बोलण्यात, रागालोभात, तालासुरात उतरवावी लागते. पण एकदा उतरली की ती शंभर वर्षं टिकते.

खुद्द फ्रेंचांनी हॉलिवूडला दिलेलं उत्तरही असंच आहे. जाक देमी हा दिग्दर्शक या अमेरिकन चित्रपटांचा मोठा चाहता. १९६४ साली त्याने ‘शेरबूरच्या छत्र्या’ असं नावाचं भाषांतर करता येईल, असा एक चित्रपट काढला. त्यात सगळे संवाद गायलेले आहेत, एक शब्द साधा बोललेला नाही. संगीत मिशेल लग्रां यांचं. पण गाव पॅरिस नाही, शेरबूर हे बंदराचं साधं गाव. नायक गॅरेजमध्ये काम करतो, नायिकेच्या आईचं छत्र्यांचं दुकान कर्जात आहे. नायकाला अल्जीरियाच्या युद्धावर जावं लागतं आणि दोघांची कायमची ताटातूट होते. पेट्रोल किती भरायचं, हेही ते गाऊनच विचारतात, आणि तरी डोळे भरून येतात. कान महोत्सवात त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळालं. पुढे १९६७ साली देमीने ‘रोशफोरच्या तरुणी’ काढला, खऱ्या रोशफोर गावातल्या घरांच्या खिडक्यांना नवे रंग देऊन, आणि त्यात नाचायला बोलावलं कुणाला? जीन केलीला! स्टुडिओतल्या पॅरिसमध्ये नाचलेला माणूस अखेर खऱ्या फ्रेंच रस्त्यावर नाचला.

त्याच १९६७ साली आपल्या मुंबईवाल्यांचाही एक चित्रपट पॅरिसला गेला, शक्ती सामंतांचा ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’. शम्मी कपूर, शर्मिला टागोर आणि शंकर-जयकिशन. त्याआधी १९६४ साली राज कपूर ‘संगम’ घेऊन युरोपात फिरून आलेच होते. आपल्याकडे हे पॅरिस आधी रेडिओवरून, कानांनी आलं. पडद्यावर ते नंतर दिसलं. गंमत अशी, की ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’चा शेवट होतो नायगाराच्या धबधब्यावर! म्हणजे खऱ्या जागी जाऊनही आपण पडदाच आणला, फक्त तो विमानाने जाऊन आणला. मी तो चित्रपट नावं ठेवण्यासाठी सांगत नाही. त्यातली गाणी आजही ऐकावीशी वाटतात. पण त्यातलं पॅरिस काढून दुसरं कुठलंही शहर ठेवलं, तरी गोष्टीला काही फरक पडत नाही.

आणि आपला स्वतःचा पडदा? तो अजून शाबूत आहे. आपल्या विदर्भाच्या पूर्वेकडे, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत धानाची कापणी झाली, की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्रभर चालतात. नट मंचावर स्वतः गातात, मागे रंगवलेले पडदे बदलतात, आणि गावोगावचे लोक थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. वडसा हे त्या नाटकवाल्यांचं मोठं ठाणं. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या नाटकांत हुंडा असतो, दारू असते, कर्ज असतं, भावाभावांतली वाटणी असते. पडदा झगमगीत असतो, पण त्याच्यापुढे उभा असलेला माणूस प्रेक्षकाला ओळखीचा असतो.

तेव्हा श्रोतेहो, ते जुने अमेरिकन चित्रपट जरूर पाहा. आता ते मिळवणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. ‘लव्ह मी टुनाइट’मधली ती सकाळ पाहा, ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’मधला शेवटचा नाच पाहा. आनंद घेताना कसलाही संकोच नको. माणसं इतकी मेहनत करून आनंद निर्माण करतात, तेव्हा तो घ्यायलाच हवा. ‘जीजी’ पाहाल, तर त्याच आठवड्यात ‘शारदा’ही वाचून काढा. तालुक्याच्या वाचनालयात ते पुस्तक असेल. नसेल तर ग्रंथपालांना मागवायला सांगा. आणि घरात मुलगी कॉलेजात जाणारी असेल, तर दोन्ही तिच्याबरोबर बसून पाहा-वाचा. तिला काय वाटतं ते विचारा. देवलांनी आणि मिनेलींनी जो शेवटचा शब्द मुलीला दिला नाही, तो निदान त्या दिवशी आपल्या घरात तिचा असू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)